पडवी आणि पंतप्रधान

माझा आणि जपानच्या पंतप्रधानांचा तसा काडीचाही संबंध नाही. ३६ वर्षे मी टपाल खात्यात बचत बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांची पासबुके भरली. त्या खिडकीतून जेवढे जग दिसते तेवढेच मी पाहिले, आणि खरे सांगायचे तर तेवढे पुरेसे असते. नवऱ्याला न कळवता दर महिन्याला वीस रुपये टाकणारी बाई, मुलीच्या लग्नासाठी काढलेले पैसे लग्न मोडल्यावर मान खाली घालून पुन्हा भरायला येणारा बाप, पासबुक हरवले म्हणून रडकुंडीला आलेले आजोबा. अशी माणसे रोज पाहिल्यावर पंतप्रधान पाहण्याची उत्सुकता फारशी उरत नाही. असे असूनही गेली काही वर्षे 'हे जपानी मंडळी घेऊन बसतात' अशी माझी आमच्या घरात कुप्रसिद्धी झाली आहे. आमची ही तर आल्यागेल्याला आधीच सांगून ठेवते, "यांना जपानचं काही विचारू नका हं. चहा निवेल तुमचा."

हे खूळ माझ्या डोक्यात शिरले २०१९ साली. त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे टोकियोला गेलो. जावई संगणकाच्या कामात आहेत. त्यांचे बिऱ्हाड एदोगावा भागात, निशिकासाईला. तिथे आपली माणसे इतकी आहेत, की पहिल्याच संध्याकाळी हिला हिंगाची डबी मिळाली आणि परदेशी आल्याचा तिचा निम्मा उत्साह मावळला. लोक जपानात फुजी पर्वत पाहायला जातात. मी जावयांना म्हटले, "मला आधी इथलं पोस्ट दाखवा."

पोस्ट पाहिले. बाहेर आपल्यासारखीच लाल पेटी. दारावर त्यांचे ते चिन्ह, इंग्रजी टी अक्षराच्या डोक्यावर आणखी एक आडवी रेघ ओढल्यासारखे. आत शिरलो आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. तीच खिडकी, तीच रांग, आणि रांगेत कापडी पिशवीतून पासबुक काढणाऱ्या त्याच आजीबाई. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण आजीबाई खिडकीतल्या मुलीला काय विचारीत होत्या ते मी शपथेवर सांगतो. व्याज चढले का? जावई हसून म्हणाले, "इथं व्याज जवळजवळ नसतंच, बाबा." मी म्हटले, "नसू दे. विचारायचा हक्क तर आहे ना?"

जपानात पोस्टाची बचत सुरू झाली १८७५ साली. आपल्याकडे १८८२ साली. म्हणजे या धंद्यात ते आमचे थोरले बंधू. मी त्या खिडकीकडे मोठ्या भक्तिभावाने पाहत होतो, तेवढ्यात जावई सहज बोलून गेले, "पण हे सरकारी खातं नाही राहिलं आता. २००७ पासून कंपनी झाली. कोइझुमी म्हणून पंतप्रधान होते, त्यांनी केलं. माणूस असावा तर असा! सगळा पक्ष विरोधात गेला तरी हटला नाही."

त्या रात्री जेवताना आमचे कडाक्याचे वाजले. जावयाशी भांडू नये हे मला कळते. परंतु गरिबाच्या पैशाची राखण करणारे खाते विकायला काढणारा माणूस, आणि त्याचे कौतुक माझ्याच ताटासमोर! मुलगी मध्ये पडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातून जपानच्या राज्यकारभारावरची तीनचार इंग्रजी पुस्तके आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "भांडायचं तर नीट वाचून भांडा." अशा रीतीने माझा अभ्यास सुरू झाला.

मी एवढा का चिडलो, याचे खरे कारण मी त्या वेळी कुणालाच सांगितले नाही. माझे वडील राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शाखा पोस्टमास्तर होते. पोस्ट म्हणजे आमच्या घराची पडवी. एक मेज, एक लोखंडी पेटी, शिक्का, शाईची गादी आणि भिंतीला टांगलेला तराजू. मुंबईहून गिरणीतल्या माणसांच्या मनीऑर्डरी यायच्या; वडील त्या मोठ्याने वाचून दाखवायचे आणि चुलीवर भात ठेवून आलेल्या बायका पडवीच्या पायरीवर बसून ऐकायच्या. आम्ही तिन्ही भावंडे त्या पडवीत अक्षरे शिकलो. वडील गेले, पोस्ट दुसऱ्या घरी गेले, पुढे आईही गेली. जाताना आई म्हणाली होती, "तिघांचं एकमत झाल्याशिवाय घराला हात लावू नका." त्याला तेव्हा पाच वर्षे होऊन गेली होती. मधला भाऊ पुण्याला असतो. त्याचे म्हणणे, घर विकावे. धाकटी बहीण कोल्हापूरला. तिचे म्हणणे, ठेवावे. मी थोरला. माझे म्हणणे, बघू. दर वर्षी मे महिन्यात आम्ही तिघे तिथे जमायचो, फणस कापायचो, घराचा विषय निघाला की मधला उठून विहिरीकडे फिरायला जायचा, आणि आम्ही 'एकमताने' पुढच्या मेपर्यंत विषय तहकूब करायचो.

आता पुस्तकांत मला काय सापडले ते ऐका.

पहिली गोष्ट सापडली ती अशी, की जपानचा पंतप्रधान हा पुष्कळ काळ आमच्यासारखाच 'बघू' म्हणणारा थोरला भाऊ होता. कायद्याने मोठा अधिकार, प्रत्यक्षात हात बांधलेले. मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्या मंत्रालयांच्या सचिवांची बैठक व्हायची. तिथे ज्याच्यावर एकमत झाले तेच दुसऱ्या दिवशी मंत्र्यांपुढे यायचे. मंत्र्यांनी सह्या करायच्या. ही चाल १८८६ सालापासूनची. ती प्रथम मोडली २००९ साली. शिवाय १९५५ साली स्थापन झालेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, ज्याने मधली थोडी वर्षे सोडली तर सतत राज्य केले, तो पक्ष म्हणजे गटांचे एकत्र कुटुंब. त्याच्या वरिष्ठ मंडळात निर्णय एकमतानेच घ्यायचा असा रिवाज. एखाद्याला मान्य नसले तर तो निर्णयाच्या वेळी हळूच उठून बाहेर जायचा, की झाले एकमत! हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ आमच्या विहिरीकडे फिरायला जाणाऱ्या मधल्याचा विचार करीत बसलो.

या एकमत घडवण्याच्या कलेला जपानी भाषेत एक सुंदर शब्द आहे: नेमावाशी. शब्द मूळचा माळ्यांचा. मोठे झाड एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायचे असले तर ते एकदम उपटत नाहीत. आधी मुळांभोवती खणतात, थोडी मुळे छाटतात, नवी बारीक मुळे फुटू देतात, आणि मग योग्य वेळी झाड हलवतात. एखादी गोष्ट सभेत मांडण्याआधी ज्याला त्याला एकेकट्याने भेटून समजावीत फिरायचे, तेही नेमावाशीच.

या कलेतला उस्ताद म्हणून मला हायातो इकेदा हे गृहस्थ फार आवडले. मूळचे अर्थखात्यातले अधिकारी. जिभेला मात्र हाड नव्हते. १९५० साली अर्थमंत्री असताना, तांदूळ महाग झाला तर कमी मिळकतीच्या लोकांनी जव जास्त खावेत अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेले आणि देशभर ओरड झाली. हाच माणूस १९६० साली पंतप्रधान झाला तो फार वाईट वेळेला. त्याच्या आधीचे नोबुसुके किशी यांनी अमेरिकेशी केलेल्या संरक्षण कराराचे नूतनीकरण विरोधकांना न जुमानता संसदेतून रेटून नेले होते. लाखो लोक रस्त्यावर आले, संसदेच्या आवारात एका विद्यार्थिनीचा जीव गेला, अमेरिकेच्या अध्यक्षांची ठरलेली भेट रद्द करावी लागली, आणि किशींना जावे लागले. करार झाला, पण देश दुभंगला.

इकेदांनी काय केले? त्यांनी भांडणाचा विषयच बदलला. संयम आणि सहनशीलता हे धोरण म्हणून जाहीर केले, स्वर खाली आणला, आणि लोकांना म्हणाले, दहा वर्षांत राष्ट्राचे उत्पन्न दुप्पट करू. डिसेंबर १९६० मध्ये मंत्रिमंडळाने ती योजना मंजूर केली. वर्षाला सरासरी ७.२ टक्के वाढ झाली तर दहा वर्षांत दुप्पट होते. हे चक्रवाढ व्याजाचे गणित आम्हा पोस्टातल्या माणसांना तोंडपाठ असते. लोक हसले, विद्वानांनी शंका काढल्या. प्रत्यक्षात सातेक वर्षांतच उत्पन्न दुप्पट झाले. ही सगळी इकेदांची करणी नव्हे. कारखानदार, कामगार, अधिकारी, दर महिन्याला पोस्टात बचत टाकणाऱ्या गृहिणी, यांची ती कमाई. काय करायचे ते लोकांना थोडेफार माहीत होतेच; कुठे पाहायचे ते त्या माणसाने दाखवले. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले, त्याच्या समारोपाच्या दुसऱ्याच दिवशी घशाच्या कर्करोगामुळे त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली. दुप्पट झालेले उत्पन्न पाहायला ते उरले नाहीत.

आम्ही तिकडे असतानाच दुसरा धडा मला कॉफीच्या दुकानात मिळाला. १ ऑक्टोबर २०१९. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात जावयांनी दोन कॉफी घेतल्या. विक्रेत्या मुलीने काहीतरी विचारले. जावई म्हणाले, "इथं बसून प्यायची की घेऊन जायची, असं विचारतेय. घेऊन गेलो तर कर ८ टक्के, इथं बसलो तर १०. आजपासून." मी तत्काळ रस्त्यावर उभा राहून कॉफी प्यालो. तत्त्वाचा प्रश्न होता.

त्या दोन टक्क्यांमागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे हे नंतर कळले. असा सर्वसाधारण उपभोग कर असावा, असे १९७९ साली मासायोशी ओहिरा यांनी प्रथम सुचवले. निवडणुकीच्या धामधुमीत तो त्यांना मागे घ्यावा लागला, तरी जागा घटल्याच, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या निवडणुकीच्या प्रचारातच ते वारले. यासुहिरो नाकासोने यांच्यासारखा दमदार माणूस, ज्यांच्या कारकिर्दीत सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन १९८७ साली खाजगी कंपन्या झाल्या, त्यांनाही त्याच वर्षी विक्रीकराचे विधेयक सोडून द्यावे लागले. नोबोरु ताकेशिता यांनी अखेर तो ३ टक्क्यांनी आणला, १ एप्रिल १९८९ रोजी. लाचलुचपतीच्या एका प्रकरणाचा चिखलही होताच, दोन महिन्यांत त्यांचे पद गेले. मोरिहिरो होसोकावा यांनी १९९४ साली मध्यरात्री पत्रकार बोलावून ७ टक्क्यांचा बेत जाहीर केला आणि लगेच गुंडाळला. र्‍युतारो हाशिमोतो यांनी १९९७ साली ५ टक्के केला. पुढच्या वर्षी वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत आपटले. योशिहिको नोदा यांनी २०१२ साली विरोधकांना बरोबर घेऊन १० टक्क्यांचा कायदा केला आणि त्याच डिसेंबरात त्यांचा पक्ष धुऊन निघाला. शिंझो आबे यांनी २०१४ साली ८ केला, पुढचा टप्पा दोनदा लांबणीवर टाकला, आणि मग ती माझी १ ऑक्टोबरची कॉफी.

एकाने खड्डा खणावा, दुसऱ्याने त्यात पडावे, तिसऱ्याने त्याच खड्ड्यात रोप लावावे, असा हा प्रकार. म्हातारे वाढत चालले, त्यांच्या औषधपाण्याला पैसा हवा, हे सगळ्यांना दिसत होते. पण लोकांच्या खिशात हात घालणारा तो मी, असे कुणी म्हणायचे? ज्याने म्हटले तो गेला, आणि कर मात्र राहिला. धोरण हे पंतप्रधानांपेक्षा दीर्घायुषी असते. २००६ ते २०१२ या सहा वर्षांत जपानने सहा पंतप्रधान पाहिले, तरी गाड्या वेळेवर धावल्या आणि कराचा प्रश्नही खुर्चीवरच्या माणसाकडे पाहून थांबला नाही.

आता कोइझुमी. या प्रकरणाकडे मी मुद्दाम शेवटी वळलो. कारण इथे माझा पूर्वग्रह पक्का होता आणि तो जपायचा होता. पण पुस्तकांनी माझी पंचाईत केली. जपानच्या पोस्टातली बचत इतकी प्रचंड होती, की तिला जगातली सर्वांत मोठी बँक म्हणत. हा पैसा वर्षानुवर्षे अर्थखात्याकडे जाई आणि तिथून रस्ते, पूल, सरकारी महामंडळे यांत ओतला जाई. काही कामाचे, काही केवळ मतदारसंघाच्या शोभेचे. ही थेट वाट २००१ साली बंद झाली, पण पैशाचा ओढा सरकारकडेच राहिला. देशात सुमारे २४,००० पोस्टे. त्यांतली बहुतेक लहान. पोस्टमास्तरकी बापाकडून मुलाकडे जायची, जागा पुष्कळदा त्यांच्याच घराची, तिचे भाडे मिळायचे, आणि निवडणूक आली की ही मंडळी पक्षासाठी मते गोळा करायची. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची पडवी उभी राहिली. वडिलांनी कधी कुणासाठी मते गोळा केली नाहीत. पण कोइझुमी ज्यांच्यावर उठला ती माणसे आमच्याच जातकुळीची होती, हे मला नाकारता येईना.

जुनिचिरो कोइझुमी १९९२ साली टपालमंत्री झाले तेव्हापासूनच पोस्ट खाजगी करा म्हणत होते; टपालमंत्र्यानेच असे म्हणावे, हा चमत्कारच. २००१ साली पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या हाती दोन हत्यारे आयती आली, दोन्ही दुसऱ्यांनी घडवलेली. १९९४ साली निवडणुकीची पद्धत बदलली आणि उमेदवारी देण्याची सत्ता गटांकडून पक्षाच्या प्रमुखाकडे सरकू लागली. आणि हाशिमोतोंनी आखलेल्या सुधारणांनी २००१ च्या जानेवारीत २२ मंत्रालयांची १२ झाली, पंतप्रधानांच्या हाताशी नवे मंत्रिमंडळ कार्यालय आले, आणि अर्थधोरणाची एक परिषद आली जिच्या अध्यक्षस्थानी स्वतः पंतप्रधान. हाशिमोतो ते हत्यार घडवून निवडणुकीत आपटून गेले होते, वापरले कोइझुमींनी.

२००५ च्या जूनमध्ये पक्षाच्या त्या एकमतवाल्या मंडळात त्यांनी चक्क बहुमताने निर्णय करवून घेतला. जुलैत कनिष्ठ सभागृहात विधेयक २३३ विरुद्ध २२८ मतांनी, म्हणजे अवघ्या पाच मतांनी तरले. स्वपक्षाचे ३७ जण विरोधात गेले. ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने ते १०८ विरुद्ध १२५ असे फेटाळले. तुम्ही म्हणाल, संपले. वरिष्ठ सभागृह विसर्जित करता येत नाही. कोइझुमींनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, ज्याने विधेयक मंजूर केले होते तेच! विसर्जनावर सही करायला नकार देणाऱ्या शेतकीमंत्र्याला तिथल्या तिथे काढून ते खाते स्वतःकडे घेतले. दोनच दिवस आधी माजी पंतप्रधान योशिरो मोरी त्यांचे मन वळवायला घरी गेले, तर त्यांच्यापुढे बियरचे डबे आणि वाळके चीज ठेवले म्हणे; बाहेर येऊन मोरींनी तो चेपलेला डबा आणि ते चीज पत्रकारांना दाखवले. विरोधात मत दिलेल्या ३७ जणांना उमेदवारी नाही. उलट त्यांच्यासमोर नवे उमेदवार उभे केले. ११ सप्टेंबरला ४८० पैकी २९६ जागा मिळवल्या आणि ऑक्टोबरात विधेयक मंजूर करून घेतले.

वाचून मी थक्क झालो. मत पटले नाही, माणूस पटला. 'बघू' न म्हणणारा माणूस मी आयुष्यात फार थोडा पाहिला आहे, आरशात तर नाहीच.

त्याच हिवाळ्यात मुंबईला परतल्यावर जावयांनी एक बातमी धाडली. पोस्टाच्या विमा कंपनीतल्या माणसांनी उद्दिष्टे गाठण्यासाठी असंख्य वृद्धांच्या गळ्यात नको त्या पॉलिस्या मारल्या होत्या, काहींकडून दुहेरी हप्ते घेतले होते. कंपन्यांच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. खाली जावयांनी लिहिले होते, 'बाबा, तुमचंही थोडं खरं होतं.' त्या आजीबाई मला आठवल्या. जिंकल्याचा आनंद मात्र झाला नाही.

पुढली पाच वर्षे माझा 'बघू' चालूच राहिला. मग २०२५ च्या पावसाळ्यात आमची पडवी खचली. शेजाऱ्याने फोन केला, वासा मोडून पुढचा भाग खाली आला. ज्या भिंतीला तराजू टांगलेला असायचा ती भिंत उघडी पडली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खोटे कशाला सांगू, कोइझुमी माझ्या अंगात आला. सकाळी उठून मी दोघांना पत्र लिहिले: 'पडवी मी माझ्या पैशाने बांधतो, घर ठेवायचे. हो म्हणा किंवा नाही म्हणा, बघू म्हणू नका. दिवाळीपर्यंत उत्तर द्या. दोघेही नाही म्हणालात तर मी माझ्या हिश्शाचे हक्कसोडपत्र करून देतो, मग तुम्ही आणि घर.' हिला दाखवले. ती एवढेच म्हणाली, "पत्र नका पाठवू. जाऊन या." मी ऐकले नाही.

बहिणीचा फोन आला. ती रडत होती, हो म्हणाली. मधल्याचे दोन ओळींचे उत्तर आले: 'दादा, आईनं एकमत सांगितलं होतं. तू मतदान घेतलंस.' पडवी बांधून झाली. चिऱ्याची भिंत, वर नवी कौले. मेमध्ये आम्ही दोघेच तिथे होतो. फणस तसाच राहिला. मधला आला नाही. विहिरीकडे फिरायला जाणारे कुणीच नव्हते.

तेव्हा मला कोइझुमींच्या गोष्टीचा उरलेला भाग आठवला. २००९ साली दुसरा पक्ष सत्तेवर आला आणि पोस्टाचे भाग विकणे थांबवले गेले. २०१२ साली कायदाच बदलून तोडलेल्या दोन कंपन्या पुन्हा एकत्र जोडल्या. शेअर बाजारात पोस्ट आले ते २०१५ साली, आणि पुढेही सरकारचा मोठा वाटा राहिलाच. झाड हलले खरे. पण मुळे जिथल्या तिथे धरून बसली होती. इकेदांना लोकांच्या समोर जाण्याआधी खणायला वेळ होता आणि तेवढा धीरही. कोइझुमींनी कुऱ्हाड घेतली. कदाचित त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसेलही. माझ्यापुढे होता.

परवा ही डबे भरीत होती. कडबोळी वेगळी काढताना पाहून मी विचारले, एवढी कुणाला? "भाऊजींना आवडतात. तुम्ही उद्या पुण्याला जाताय." मी काही बोलायच्या आत तिने सांगून टाकले, की गेले चार महिने ती आणि जाऊबाई दर शनिवारी फोनवर बोलतात. मधल्याने मुलाच्या शिक्षणासाठी भले मोठे कर्ज काढले होते, पोराची नोकरी गेली, हप्ते थकले. म्हणून घर विकू या म्हणत होता. सांगायची लाज वाटत होती. बारा वर्षे आम्ही एकमत शोधीत होतो, आणि 'का रे बाबा?' एवढा प्रश्न आमच्यापैकी एकानेही त्याला विचारला नव्हता. आमच्या घरातली नेमावाशी करणारी व्यक्ती कोण, ते मला या वयात कळले.

गिरगावचे भुयारी स्टेशन २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. काळबादेवी झाले की पुढचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून पुण्याची गाडी. या भुयारी मार्गालाही जपानी कर्जाचा मोठा हातभार आहे. १९५७ साली किशी भारतात आले, भारताला भेट देणारे ते पहिले जपानी पंतप्रधान, आणि १९५८ साली जपानने आपले पहिले येन कर्ज भारताला दिले. स्वतःच्या देशात ज्याला लोकांनी घालवले, त्याने ओलांडलेल्या उंबऱ्यावरून सुरू झालेली वाट माझ्या चाळीखालून जाते आहे. कुणाचे काय कुठे उगवेल, सांगता येत नाही.

पिशवीत कडबोळी आहेत, आणि माझे पासबुक आहे. घराचा विषय मी काढणार नाही, असे हिने माझ्याकडून वदवून घेतले आहे. आधी त्याची विचारपूस करायची, मग ऐकायचे. मुळे कुठवर गेली आहेत ते तरी आधी पाहू.